पाऊण मिनिटाची शिफ्ट

आइस हॉकीत खेळाडू सामनाभर बर्फावर नसतो. तो पाऊण मिनिट खेळतो, बाहेर येऊन बाकावर बसतो आणि दीड-दोन मिनिटांनी पुन्हा उतरतो. बर्फावरच्या या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. एका वेळी संघाचे सहा जण आत असतात: तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि गोलरक्षक. गोलरक्षक सहसा बदलत नाही. बाकीचे पाच सतत बदलत राहतात आणि त्यासाठी खेळ थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, म्हणजे पक, दूरच्या टोकाला गेली की एक फळी कठड्याबाहेर पडते आणि दुसरी आत उडी घेते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या संघात गोलरक्षक सोडून अठरा खेळाडू उतरतात. त्यांतून आघाडीच्या चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या होतात. वीस मिनिटांच्या तीन सत्रांत आघाडीचा चांगला खेळाडू एकूण अठरा-वीस मिनिटे खेळतो, पण त्या वीस मिनिटांचे पंचवीसएक तुकडे झालेले असतात.

मराठी वाचक हॉकी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर टर्फ असते. तिथेही आता अमर्याद बदली खेळाडू चालतात आणि २०१९ पासून सर्व आंतरराष्ट्रीय सामने पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतात. तरी तिथली एक फेरी काही मिनिटांची असते. सेकंदांत मोजावी लागणारी फेरी बर्फावरच. आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळ जाईल ती कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई.

शिफ्ट पहिल्यापासून एवढी आखूड नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सात-सात जणांचे संघ असत आणि तेच खेळाडू जवळजवळ संपूर्ण साठ मिनिटे खेळत. पुढे बदली खेळाडू वाढले, शतकाच्या मध्याला शिफ्ट दोनेक मिनिटांवर आली आणि आज ती चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची आहे. माँट्रियल कॅनेडियन्सकडून सहा वेळा स्टॅन्ले चषक, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचे अजिंक्यपद, जिंकणारे गोलरक्षक केन ड्रायडन यांनी २०१७ च्या ‘गेम चेंज’ या पुस्तकात या बदलाचा हिशेब मांडला. दोन मिनिटे खेळायचे असेल तर खेळाडू हात राखून खेळतो. पाऊण मिनिटच खेळायचे असेल तर राखून ठेवण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे वेग वाढला, वेगाबरोबर धडका वाढल्या आणि धडकांबरोबर डोक्याच्या इजा. आखूड शिफ्टची ही दुसरी बाजू मुलांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

मोठ्यांचा खेळ पाऊण मिनिटाचा झाला म्हणून आठ, दहा, बारा वर्षांच्या मुलाला त्यासाठी कसे घडवावे, यावर प्रशिक्षकांत दोन मते आहेत. जुन्या शास्त्रचर्चेची रीत धरून त्यांना पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणता येईल. पूर्वपक्ष बाकामागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा आहे. पुढचा सामना त्याच्या समोर असतो. उत्तरपक्ष वाढत्या वयाच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्यांचा आहे आणि त्यांची नजर पुढच्या दहा वर्षांवर असते. दोघांनाही मुलांची काळजी आहे, म्हणूनच हा वाद ऐकण्याजोगा आहे.

पूर्वपक्ष: सामन्यात मुलाला पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळायचे असते. मग सरावातही त्याला पंचेचाळीस सेकंद जीव तोडून पळवले पाहिजे. दीड मिनिट विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस सेकंद. ज्या गोष्टीची परीक्षा, तिचाच अभ्यास.

उत्तरपक्ष: तुमचे ‘जीव तोडून’ आधी तपासून पाहू. शिफ्टभर सलग जीव तोडून कोणीच धावत नाही. सामन्याचे चित्रीकरण घड्याळ लावून पाहा. दोन ते सहा-सात सेकंदांचा झपाटा, मग स्केट्सवर नुसते घसरत जाणे, वळण, थांबणे, कठड्यापाशी झोंबाझोंबी, पुन्हा झपाटा. पंचेचाळीस सेकंदांत खरा जोर फार तर पंधरा-वीस सेकंद लागतो. तुम्ही मुलाला पंचेचाळीस सेकंद एका रेषेत पळवता तेव्हा शिफ्टचा सराव होत नाही, शर्यतीचा होतो. ती शर्यत या खेळात कुठेच नाही.

या उत्तराचे वजन कळण्यासाठी स्नायूला शक्ती कुठून मिळते ते पाहावे लागते. आकुंचनासाठी थेट लागणारे एटीपी स्नायूत इतके थोडे असते की ते दोन-तीन सेकंदांत संपावे. ते पुन्हा भरण्याचे तीन मार्ग शरीरात एकाच वेळी चालू असतात, फक्त प्रत्येकाचा वेग आणि दम वेगळा. क्रिएटिन फॉस्फेटचा मार्ग सर्वांत वेगवान, पण तो जेमतेम दहा सेकंद पुरतो. दुसऱ्या मार्गाने प्राणवायूची वाट न पाहता साखर फोडली जाते. तो काही सेकंदांत जोर धरतो, पण अर्ध्या-एक मिनिटात स्नायूत आम्लता वाढते, पाय जड होतात आणि स्केट बर्फाला नीट ढकलत नाही. तिसरा मार्ग प्राणवायूचा, संथ पण दीर्घ दमाचा. शिफ्टमधले झपाटे पहिल्या मार्गावर चालतात. शिफ्ट लांबली की भार दुसऱ्यावर जातो. तिसऱ्याचे काम लगेच दिसत नाही, कारण ते मुख्यतः बाकावर चालते: खेळाडू धापा टाकत बसलेला असतो तेव्हा प्राणवायूच्या जोरावर क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुन्हा भरत असतो. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात तो निम्म्याच्या आसपास भरतो. पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात.

शिफ्ट आखूड का असावी, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. पेर-ओलोफ ऑस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये स्वीडनमधून तो प्रसिद्ध केला. व्यायामाच्या सायकलवर तासाभरात एकूण काम तेवढेच ठेवले आणि काम व विश्रांतीचे प्रमाणही तेच ठेवले. फक्त तुकड्यांची लांबी बदलली. अर्धा मिनिट काम आणि अर्धा मिनिट विश्रांती अशा रीतीने ते काम झेपले आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे दुसरा मार्ग तापल्याची खूण, खाली राहिले. तीन मिनिटे काम आणि तीन मिनिटे विश्रांती अशा रीतीने तेवढेच काम थकवून टाकणारे ठरले. मुलांच्या सामन्याला हा हिशेब लावता येतो. पंधरा मिनिटांची तीन सत्रे आणि पाच-पाच जणांच्या तीन तुकड्या धरल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. ती दीड मिनिटाच्या दहा शिफ्टमध्ये घेतली काय किंवा पाऊण मिनिटाच्या वीस शिफ्टमध्ये घेतली काय, काम आणि विश्रांतीचे प्रमाण एकास दोनच राहते. थकवा मात्र सारखा राहत नाही. दीड मिनिटाच्या शिफ्टचा उत्तरार्ध मुलगा जवळजवळ उभ्याने काढतो.

पूर्वपक्ष: हेच तर मी म्हणतो. दुसरा मार्ग तापला की पाय जड होतात. मग त्या जडपणाची सवय लहानपणीच का लावू नये?

उत्तरपक्ष: कारण लहानपणी तो मार्गच अरुंद असतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले गेले. साखर फोडण्याचा वेग ज्यावर ठरतो ते विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, प्रौढांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. आपण म्हणता ती सवय लावायची म्हणजे जी भट्टी अजून बांधून झालेली नाही तिच्यात कोळसा टाकायचा.

या विषयातले मोठे नाव ओदेद बार-ऑर यांचे. मुलांच्या व्यायामशास्त्राचा हा अभ्यासक इस्रायलमधल्या विंगेट संस्थेत होता आणि पुढे कॅनडातल्या हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात गेला. १९७० च्या दशकात त्याच्या नेतृत्वाखाली तीस सेकंदांची सायकल चाचणी तयार झाली. ती आज विंगेट चाचणी म्हणून ओळखली जाते आणि नॅशनल हॉकी लीगच्या निवडीपूर्वी होणाऱ्या तपासणीत तरुण खेळाडूंचा घाम काढते. आखूड आणि तीव्र श्रमाचे मोजमाप देणाऱ्या याच परंपरेने हेही दाखवले की लहान मूल म्हणजे प्रौढाची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या प्रमाणात पाहिले तरी मुलाची स्फोटक शक्ती प्रौढापेक्षा कमी असते, पण झपाट्यानंतर ते लवकर सावरते. दहा सेकंदांचे झपाटे थोड्या थोड्या विश्रांतीने घ्यायला लावले तर प्रौढाची गती झपाट्याने उतरते, मुलाची फारशी उतरत नाही. ‘पोरे थकतच नाहीत’ हा घरोघरचा अनुभव या अर्थाने खरा आहे.

पूर्वपक्षाजवळ यावर एक तगडे उदाहरण असते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिकेचा ऑलिंपिक संघ नॉर्वेत ओस्लोला खेळत होता. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. खेळाडूंचे लक्ष नव्हते असे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचे मत पडले. त्यांनी सामन्यानंतर संघाला बर्फावरच ठेवले आणि रेषांच्या फेऱ्या घ्यायला लावल्या. रिंकचे, म्हणजे बर्फाच्या मैदानाचे, दिवे गेले तरी फेऱ्या चालूच राहिल्या. गोलरेषेपासून जवळच्या निळ्या रेषेपर्यंत जाऊन परत, मधल्या लाल रेषेपर्यंत जाऊन परत, दूरच्या निळ्या रेषेपर्यंत आणि शेवटी समोरच्या गोलरेषेपर्यंत जाऊन परत. उत्तर अमेरिकी मापाच्या रिंकवर ही एक फेरी सुमारे २७० मीटरची होते आणि तिला बहुतेक एका शिफ्टइतकाच वेळ लागतो. पुढे या फेऱ्यांना ब्रूक्स यांचेच नाव पडले. पाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९८० रोजी, लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये याच संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. दोन सत्रे संपली तेव्हा अमेरिका २-३ अशी मागे होती. शेवटच्या सत्रात ब्रूक्स यांनी शिफ्ट अगदी आखूड ठेवल्या आणि त्यांचे खेळाडू शेवटपर्यंत ताजे राहिले.

पूर्वपक्ष: त्या रात्रीच्या फेऱ्यांशिवाय ते तिसरे सत्र तसे झाले असते का?

उत्तरपक्ष: ते खेळाडू विशीतले होते, विद्यापीठांच्या संघांतून निवडून काढलेले. स्केटिंग त्यांच्या अंगात मुरलेले होते आणि दुसरा मार्ग पूर्ण उघडलेला होता. शिवाय आपण त्या गोष्टीतली रात्र तेवढी उचलता आणि सामना सोडून देता. सामन्यात ब्रूक्स यांनी नेमके उलट केले. त्यांनी खेळाडूंना थकू दिले नाही, थकण्याआधी बाहेर काढले. अकरा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकाने ब्रूक्स यांच्याकडून शिकावे तर ते हे शिकावे.

पूर्वपक्ष: पण दम लागल्यावरही उभे राहण्याची जिद्द? ती पुस्तकातून येत नाही.

उत्तरपक्ष: जिद्द येते, त्याबरोबर आणखी काय येते तेही बघा. चांगल्या स्केटिंगचा पाया म्हणजे वाकलेले गुडघे आणि लांब, पूर्ण रेटा. मूल थकले की गुडघे सरळ होतात, अंग वर येते, रेटा आखूड होतो, टाच नुसती मागे उडते. शरीर जे पुन्हा पुन्हा करते ते शिकते. थकलेल्या अवस्थेत शंभर फेऱ्या मारणारे मूल थकलेले स्केटिंग शंभर वेळा घोटते.

या वादातला हा कळीचा मुद्दा आहे आणि इथे उत्तरपक्षाचे म्हणणे मान्य करावे लागते. स्केटिंग हे चालण्या-धावण्यासारखे निसर्गाने दिलेले कौशल्य नाही. दोन पात्यांच्या कडांवर तोल सांभाळत, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलत पुढे जायचे असते. सहा ते बारा हे वय ते घोटण्याचे आहे. बर्फ महाग असते आणि सरावाचा तास मोजून मिळतो. त्यातली पंधरा मिनिटे पक बाजूला ठेवून रेषांच्या फेऱ्यांत घालवली तर मुलाच्या तासाचा चौथा हिस्सा खर्च होतो आणि त्या वेळात ते पक सांभाळायला, मान वर ठेवायला, सहकाऱ्याची जागा हेरायला शिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने, यूएसए हॉकीने, २००९ मध्ये आणलेला विकास आराखडा याच विचारावर उभा आहे. आठ वर्षांखालील मुलांसाठी रिंक आडवे विभागायचे, छोट्या जागेत तीन-तीन, चार-चार जणांचे खेळ लावायचे, सामन्यांपेक्षा सराव जास्त ठेवायचा आणि बारा वर्षांपर्यंत मुलांना इतर खेळही खेळू द्यायचे. छोट्या जागेत पक दर काही सेकंदांनी प्रत्येकाजवळ येतो. झपाटा, थांबणे, वळणे, पुन्हा झपाटा ही शिफ्टची खरी लय तिथे आपोआप साधते आणि प्रशिक्षकाला शिट्टीचा धाक घालावा लागत नाही.

हाच विचार सोव्हिएत संघात वेगळ्या वाटेने आला होता. तिथले प्रशिक्षक अनातोली तारासोव यांना सुरुवातीच्या वर्षांत कृत्रिम बर्फ मिळत नसे, म्हणून त्यांनी जमिनीवरचा सराव रचला: कोलांट्या, उड्या, चेंडूचे खेळ, जोडीदाराला पाठीवर घेऊन धावणे. अडचणीतून आलेली ही पद्धत पुढे त्यांच्या संघांची ताकद ठरली.

पूर्वपक्षाची खरी भक्कम बाजू शरीराची नसून बाकाची आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही.

पूर्वपक्ष: तुमचे छोट्या जागेचे खेळ मी मान्य करतो. पण त्या खेळात मूल बाहेर यायला कधी शिकणार? सामन्यात माझा सर्वांत चांगला मुलगा दीड-दोन मिनिटे आतच राहतो. हाक मारली तर ऐकत नाही. पक येईल या आशेने मधल्या रेषेवर रेंगाळतो. तिकडे त्याच्या जागी उतरणारा मुलगा कठड्यावर पाय टाकून गारठतो. एकाची शिफ्ट लांबली की पुढच्या सगळ्या फळ्यांचे गणित विस्कटते.

उत्तरपक्ष: हे तुम्हीच आम्हाला शिकवावे.

आखूड शिफ्ट हे आधी ताबा सोडण्याचे कौशल्य आहे आणि मग दमाचे. कधी बाहेर यायचे याचे ज्ञान नियमांतून आणि जागेच्या भानातून येते. पक समोरच्यांच्या टोकाला, कोपऱ्यात खोल असेल तेव्हा बदलायचे. आपल्या गोलकडे येत असेल तेव्हा कितीही दम लागला तरी बदलायचे नाही, कारण तेवढ्या पाच सेकंदांत विरोधक मोकळा सुटतो. पहिला खेळाडू बाकाजवळ पोहोचण्याआधी दुसऱ्याने खेळात हात घातला तर जादा खेळाडूंचा दोष लागतो आणि संघाला दोन मिनिटे एका खेळाडूविना काढावी लागतात. दुसऱ्या सत्रात संघांच्या बाजू बदलतात, त्यामुळे स्वतःचा गोल बाकापासून दूर जातो आणि बचावपटूंना बदलण्यासाठी लांबचा पल्ला पडतो. त्या सत्रात शिफ्ट लांबण्याचा आणि त्यातून गोल बसण्याचा धोका सर्वाधिक असतो. शिवाय आपल्या अर्ध्या भागातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावून सुटका करून घेतली, तर नॅशनल हॉकी लीगच्या २००५ पासूनच्या नियमानुसार त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्या पाचांना तिथेच उभे राहावे लागते. हा नियम मुलांना चित्रफितीवर एकदा दाखवला की आखूड शिफ्टचा अर्थ त्यांना व्याख्यानाविना कळतो.

मुलाला वेळ कळावी कशी? अगदी लहानांच्या सामन्यात साधारण एक-दीड मिनिटाने भोंगा वाजतो, सगळे पक सोडून बाहेर येतात आणि पुढचे आत जातात. ही रीत नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या सरावातही ठेवावी, फक्त भोंगा चाळीस सेकंदांवर आणावा. अकरा-बारा वर्षांच्या वयात भोंगा काढून घ्यावा, बाकावरच्या एका मुलाच्या हाती घड्याळ द्यावे आणि प्रत्येकाला बाहेर आल्यावर ‘किती सेकंद झाले?’ असे विचारावे. सुरुवातीला उत्तर हमखास चुकते, कारण मुलाला ऐंशी सेकंद चाळीस वाटतात. काही आठवड्यांत अंदाज जमू लागतो. छाती भरून आली, मांड्या जळू लागल्या की वेळ झाली, असे शिकवणे चूक आहे. तोवर उशीर झालेला असतो, कारण बाकापर्यंत पोहोचायलाही पाच-सात सेकंदांचा दम लागतो.

या शिस्तीला न्यायाची बाजू आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले अभ्यासक रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की कॅनडाच्या निवडक हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले फार जास्त असतात. वयोगटाची सीमा एक जानेवारीची. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून उंच, म्हणून वेगवान, म्हणून त्याची शिफ्ट लांब. अधिक खेळल्यामुळे तो आणखी सुधारतो आणि धाकटा बाकावरच मागे पडतो. चाळीस सेकंदांची सर्वांना सारखी लागू असलेली शिफ्ट हा या अन्यायावरचा प्रशिक्षकाच्या हातातला उपाय आहे. जिंकण्यासाठी दहा वर्षांच्या गटात दोनच फळ्या फिरवणाऱ्या प्रशिक्षकाने तिसऱ्या फळीच्या मुलांचा खेळ काढून घेतलेला असतो, याबद्दल दुमत असू नये.

पूर्वपक्ष: मग माझ्या पंचेचाळीस सेकंदांच्या फेऱ्या कायमच्या बंद?

उत्तरपक्ष: बंद नाहीत, पुढे ढकलायच्या. उंची वाढण्याचा वेग मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षी शिखरावर असतो. तो ओसरू लागला की दुसरा मार्ग रुंदावतो आणि तुमचा सराव फळ देऊ लागतो. जे दहाव्या वर्षी दोन हंगामांत साधत नाही ते सोळाव्या वर्षी सहा-आठ आठवड्यांत साधते.

क्रम असा लागतो. बारापर्यंत पाच ते दहा सेकंदांचे झपाटे, प्रत्येकानंतर निदान पाचपट विश्रांती, तेही शर्यतीच्या किंवा पकाच्या पाठलागाच्या रूपात. तेरा-चौदाच्या सुमारास वीस ते तीस सेकंदांचे तुकडे, चौपट विश्रांतीसह. मुली या टप्प्यावर आधी येतात, त्यामुळे एकाच वयाच्या मुलामुलींना एकच तक्ता लावू नये. पंधरा-सोळापासून चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचे पूर्ण जोराचे तुकडे, मध्ये दोन मिनिटे, असे पाच-सहा, आठवड्यातून फार तर दोनदा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. वेग उतरला की तो दिवस तिथे थांबवावा, ठरलेला आकडा पुरा करण्याचा हट्ट धरू नये. स्केटिंगची ठेवण खुब्याच्या सांध्यावर सतत ताण आणते आणि वाढत्या वयातल्या हॉकीपटूंमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याशी हाडाची जादा वाढ इतरांपेक्षा अधिक आढळते. उन्हाळ्यात तरी मुलांनी स्केट काढून पोहावे, फुटबॉल खेळावा.

दीर्घ पल्ल्याच्या दमाचा प्रश्न मात्र उरतो. लांब धावणे आखूड शिफ्टला मारक, असे पूर्वपक्षातले अनेक जण मानतात. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आणि लागोपाठच्या शिफ्टमध्ये टिकून राहणे यांचा संबंध किती घट्ट, याबद्दल संशोधनाचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. तरी वरच्या दर्जाच्या खेळाडूंत ही क्षमता किलोमागे मिनिटाला ५० ते ६० मिलिलिटरच्या पट्ट्यात आढळते आणि सामन्यात हृदयगती कमाल गतीच्या ८५-९० टक्क्यांवर जाते. साठा बाकावर प्राणवायूनेच भरतो हे लक्षात घेतले, तर तिसऱ्या मार्गाची उपेक्षा परवडणारी नाही. मुलांसाठी त्याचा वेगळा तास लागत नाही. दिवसभर हुंदडणारे, सायकल चालवणारे मूल तो पाया स्वतःच घालते. बाकावरची दीड मिनिटे कशी जातात हेही महत्त्वाचे: आधी श्वास लांब सोडून शांत करायचा, घोटभर पाणी, आणि पहिली तीस सेकंदे प्रशिक्षकाने काही बोलायचे नाही. धाप लागलेल्या मुलाच्या कानात सूचना शिरत नाही.

ड्रायडन यांनी मांडलेल्या धोक्याला मुलांपुरते उत्तर नियमांनी काही अंशी दिले आहे. अंगावर धडक मारण्याची परवानगी अमेरिकेत २०११ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातून काढून तेरा-चौदाच्या गटापासून ठेवली गेली, आणि कॅनडानेही २०१३ मध्ये तेच केले. आखूड शिफ्टमुळे वाढलेला वेग लहानांच्या हाती द्यायचा तर ही सीमा आवश्यकच होती.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये आहे. हिवाळ्यात तळी गोठतात तेवढे आठवडेच बहुतेकांना बर्फ मिळते. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात लडाखी मुलीच बहुसंख्य होत्या. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत पाच सेकंदांचा झपाटा फारसा मंदावत नाही, पण त्यानंतर सावरायला अधिक वेळ लागतो, कारण सावरणे प्राणवायूवर चालते. सखल भागासाठी आखलेली दीड मिनिटाची विश्रांती तिथल्या मुलांना पुरणार नाही. तिथे शिफ्ट आणखी आखूड ठेवावी किंवा फळ्या वाढवाव्यात. आणि बर्फ नसलेल्या महिन्यांसाठी तारासोव यांची जमिनीवरची पद्धत आजही उपयोगी आहे.

पूर्वपक्षाने शेवटी एक मोजमाप मागितले, कारण बाकामागे उभ्या माणसाला रक्ताची तपासणी करता येत नाही.

उत्तरपक्ष: पहिल्या शिफ्टमध्ये मूल कठडा सोडून उतरते तेव्हा त्याची पहिली पाच पावले पाहून ठेवा: गुडघा किती वाकतो, रेटा किती लांब जातो, किती अंतर कापते. तिसऱ्या सत्रातल्या शेवटच्या शिफ्टमध्ये तीच पाच पावले पुन्हा पाहा. ती तशीच असतील तर शिफ्टची लांबी बरोबर आहे. गुडघे सरळ झाले असतील तर पुढच्या सामन्यात प्रत्येक शिफ्ट पाच सेकंदांनी कमी करा.